मंडळी पुन्हा सुरू करताना आधी काय घ्यावं: पवित्र शास्त्र, पेटी, पेले आणि दानपेटी यांची पारख

बंद पडलेली मराठी ख्रिस्ती मंडळी नव्याने उभी करायची ठरली की पंचांची पहिली बैठक उपासनेच्या वेळेवर कमी आणि सामानावर जास्त रंगते. स्पीकर कोणता, कीबोर्ड केवढ्याचा, मागच्या भिंतीवरचा फ्लेक्स किती फुटांचा. बेळगावच्या बाजारात यातलं बहुतेक सगळं एका दुपारीत मिळतं, त्यामुळे घाई आणखी वाढते. इथे 30 ते 60 माणसांच्या मंडळीला खरोखर लागणाऱ्या मोजक्या वस्तूंची पारख केली आहे. हिशोब खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी इथल्या हवेचा आणि इथल्या दुभाषी माणसांचा धरला आहे. कॅथलिक धर्मप्रांतातल्या चर्चना पूजेच्या साहित्याचे आपले नियम आहेत. त्यांना यातला पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाग तेवढा उपयोगी पडेल.

खरेदीचा क्रम ठरवायला शास्त्रातच एक चोख नमुना आहे: 2 राजे, अध्याय 12. योआश राजाच्या कारकिर्दीच्या 23व्या वर्षापर्यंत यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी झालेलीच नव्हती. पैसा येत होता, काम होत नव्हतं. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. जमलेला पैसा सुतार, गवंडी आणि पाथरवटांना, लाकडाला आणि घडीव दगडाला गेला. 13वं वचन तर सरळच सांगतं की त्या पैशातून चांदीची भांडी आणि कर्णे केले नाहीत. 2 इतिहास 24:14 मध्ये पुढचा भाग येतो: काम पुरं झाल्यावर उरलेल्या पैशातून भांडी झाली. आधी गळकं छप्पर, मग चांदीचा पेला. आपल्याकडे मात्र ‘आधी कळस मग पाया’ चालतं, आणि वर त्याला विश्वास म्हणतात.

याच अध्यायात, 15व्या वचनात, कामगारांना पैसे वाटणाऱ्या माणसांविषयी जो हिब्रू शब्द येतो तोच विलापगीत 3:23 मध्ये देवाविषयी येतो: एमुना. आपण ‘आमेन’ म्हणतो ते याच धातूतलं. मूळ अर्थ ठामपणा, न डगमगणं. निर्गम 17:12 मध्ये अहरोन आणि हूर यांनी धरून ठेवलेले मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे देवाचा विश्वासूपणा ही हवेतली भावना नव्हे. ती टेकू देणारी, भार घेणारी गोष्ट आहे. जो भार तो घेणार आहे तो हप्त्यावर घेतलेल्या स्पीकरवर टाकायची गरज नाही. खालच्या प्रत्येक वस्तूला आम्ही एकच कसोटी लावली आहे: आज हजर असलेल्या माणसांना ती वापरता येते का, आणि पुढची पाच वर्षं सांभाळता येते का.

पवित्र शास्त्र

पहिला खर्च इथे. मराठीत प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मुख्यतः दोन वळणं चालतात: बायबल सोसायटी ऑफ इंडियाची जुन्या भारदस्त भाषेतली आवृत्ती, आणि त्याच सोसायटीची सोप्या चालू भाषेतली. वाद घालत बसू नका, दोन्ही घ्या, पण जागा ठरवून. व्यासपीठावर जुनी आवृत्ती ठेवावी, कारण म्हाताऱ्या माणसांना वचनं त्याच शब्दांत पाठ आहेत. वाचणारा एक शब्द चुकला तर पहिल्या बाकावरून दुरुस्ती येते. शब्बाथ शाळेला आणि नव्याने येणाऱ्यांना सोपी आवृत्ती. एकाच उपासनेत मोठ्याने एकत्र वाचायचं असेल तेव्हा मात्र सगळ्यांच्या हातात एकच आवृत्ती हवी, नाहीतर तिसऱ्या शब्दाला गोंधळ उडतो.

सीमाभागातला खरा प्रश्न वेगळाच आहे. कन्नड माध्यमात शिकलेल्या मुलांना देवनागरी येते ती शाळेतल्या हिंदीमुळे. ती वाचतात, पण ‘ळ’पाशी आणि ‘ऱ्य’पाशी अडखळतात. कन्नडात ळचा उच्चार आहे, त्यामुळे बोलताना अडचण नाही. अडतं ते अक्षर ओळखताना. म्हणून अशा मुलाला पहिल्याच रविवारी जखऱ्याचा उतारा वाचायला उभं करू नये. (बिचारं पुस्तकाच्या नावावरच अडकतं आणि पुन्हा म्हणून वाचायला येत नाही.) घरी मराठी बोलणारी पण वाचनाला कन्नडच बरी वाटणारी माणसं बहुतेक मंडळीत दोन-चार तरी असतात. त्यांच्यासाठी कन्नड सत्यवेदाच्या, म्हणजे कन्नड पवित्र शास्त्राच्या, दोन प्रती हव्यात. वचनांचे क्रमांक जुळतात, पण कन्नड प्रतीत आकडे कन्नड लिपीत असू शकतात, म्हणून अध्याय आणि वचन दोनदा, सावकाश सांगायचं. कॅथलिक प्रत चुकून आली तर तिच्यात 66 ऐवजी 73 पुस्तकं असतात. पान शोधताना ती व्यक्ती मागे राहते.

व्यासपीठाची प्रत निवडताना दुकानात ती हातात धरून वाचू नका. टेबलावर उघडी ठेवा, दोन फूट मागे उभे राहा आणि नहेम्याच्या सातव्या अध्यायातली नावं वाचून बघा. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं यांनी ओळ भरते, त्यामुळे इंग्रजीत पुरेसा वाटणारा टाइप इथे पुरत नाही. 14 पॉइंटच्या खाली जाऊ नये. मग पुस्तक मधोमध उघडून खोबणीत दोरा दिसतो का ते बघा. दोरा दिसला तर शिवण आहे. नुसता डिंक असेल तर व्यासपीठावर सतत उघडी राहणारी प्रत एक-दोन वर्षांत स्तोत्रसंहितेपाशी फाटते, कारण जास्त वेळ ती तिथेच उघडी असते. चेनचं रेक्झिनचं कव्हर घेऊ नका. खानापूरच्या जुलैत आतली ओल आतच राहते आणि पातळ कागदाची पानं एकमेकांना चिकटतात. सुती पिशवी बरी.

प्रती किती? 30 माणसांना 15, म्हणजे दोघांत एक. निम्मे लोक आपली प्रत आणतात, तरुण फोनवर बघतात. उरलेल्या पैशात गीतांची पुस्तकं प्रत्येकाला एक, कारण गाताना दोघांनी एका पुस्तकात डोकं घातलं की दोघांचाही आवाज खाली पडतो.

पहिल्या रविवारच्या वाचनाबद्दल एक आग्रह. विलापगीत 3:22-23 ही देवाच्या करुणेची दोनच वचनं फ्लेक्सवर छापून वाचली जातात. तसं करू नका. अख्खा तिसरा अध्याय वाचा, 66 वचनं, सावकाश वाचला तर आठ-नऊ मिनिटं. हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांवर प्रत्येकी तीन वचनं अशी त्याची बांधणी आहे, आणि करुणेचं वचन आठव्या अक्षरावर येतं. त्याच्या आधी 20 वचनं अंधार, कडूपणा, खड्यांनी मोडलेले दात हे सगळं आहे, आणि त्याच्या नंतरही रडणं संपत नाही. इ. स. पू. 586च्या सुमारास यरुशलेम पडल्यावरचं हे बोलणं आहे. जी मंडळी भांडणामुळे, स्थलांतरामुळे किंवा पाळक न मिळाल्यामुळे बंद पडली होती, तिला त्या आधीच्या 20 वचनांत आपली जागा सापडते. नुसतं गोड वचन ऐकवलं तर मागच्या बाकावरच्या माणसाला वाटतं, आमचं काय झालं ते यांना ठाऊकच नाही.

पेटी

कीबोर्ड की पेटी? 60 माणसांपर्यंत पेटी, यात आम्हाला शंका नाही. 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आवाजाला गोड, पण लाईट गेली की मुका, अडॅप्टर हरवला की मुका, आणि त्यातला तयार ठेका एकदा सुरू झाला की मंडळी ठेक्यामागे धावते. आपली भजनं, ना. वा. टिळकांनी (1861–1919) रुजवलेली अभंग-ओवीच्या वळणाची गाणी, श्वासावर चालतात. पेटीचा भाताही श्वासावरच चालतो. शिवाय बेळगाव हे पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांचं गाव. इथे पेटी ऐकणारा कान आणि तिला हात लावणारा कारागीर दोन्ही मिळतात. मिरज रेल्वेने एका सरळ मार्गावर आहे. तिथली ख्याती तंतुवाद्यांची, 2024 मध्ये सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण पेटी घेऊन जायलाही तो पर्याय आहे.

नव्या मंडळीने जुनी, नीट तपासलेली पेटी घ्यावी. नवीन हलक्या पेटीपेक्षा दुरुस्त केलेली जुनी सागवानी पेटी कितीतरी सरस, आणि बहुधा स्वस्त. साडेतीन सप्तकांची, 42 पट्ट्यांची, खर्ज आणि नर अशा सुरांच्या दोन रांगा असलेली पुरे. तीन रांगांची पेटी 60 माणसांच्या खोलीत गाणाऱ्यांना दाबून टाकते आणि भात्यावरचा हात दमवते. कपलर असला तर चालेल. एक पट्टी दाबली की सप्तकातली जोडीची पट्टीही ओढली जाते, आवाज भरतो, पण हवाही दुप्पट जाते. स्केल चेंजर टाळा. सोय मोठी वाटते, पण अख्खी पट्ट्यांची चौकट सरकवणारी ती यंत्रणा आहे. जरा ढिली झाली की पट्टी भोकाच्या नेमक्या जागी बसत नाही आणि हवा गळते. वेगळी पट्टी धरायला शिकणं त्याहून सोपं.

तपासणी दुकानात, विक्रेत्याचं वाजवणं संपल्यावर, आपल्या हाताने करायची. सगळे खटके, म्हणजे सुरांच्या रांगांची हवा उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या खुंट्या, बंद करा, भाता भरा आणि हात काढून घ्या. आतला भाता किती वेळात बसतो ते मोजा. 15 ते 20 सेकंद टिकला तर चांगला. पाचातच बसला तर भात्याच्या घड्या किंवा चामडं गेलंय. आता खटके उघडा, पण एकही पट्टी दाबू नका, आणि पुन्हा मोजा. पहिल्या वेळी टिकला आणि या वेळी बसला तर दोष भात्यात नाही, पट्ट्यांखालच्या झडपांच्या गादीत आहे. हा फरक महत्त्वाचा: झडपांची गादी बदलणं अर्ध्या दिवसाचं काम, भाता नवा चढवणं मोठ्या खर्चाचं. विक्रेता दोन्हीला ‘किरकोळ’च म्हणतो.

मग एक-एक खटका उघडून डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी, आधी हलक्या हवेवर, मग जोरात. खर्जाचा सूर हलक्या हवेवर उशिरा बोलत असेल तर सुराची पितळी जीभ तिच्या चौकटीपासून जास्त वर उठलेली आहे. जोरात हवा दिली की गप्प होत असेल तर ती फार खाली बसलेली आहे. खरखर आली तर बहुधा कचरा. पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहिला तर खालची स्प्रिंग मेली आहे किंवा पट्टी फुगून शेजारणीला घासते आहे. शेवटी सुरेलपणा: मधल्या सप्तकातली पांढरी सहा फोनवरच्या ट्यूनरला 440 दाखवते का ते बघा, आणि प्रत्येक पट्टी तिच्या वरच्या सप्तकातल्या जोडीबरोबर दाबून ऐका. आवाजात लाटा येतात. सेकंदाला एखादी लाट चालते, चार-पाच आल्या तर सूर लावून दिल्याशिवाय पैसे देऊ नका. सूर लावताना जिभेच्या टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो; पितळ एकदा गेलं की परत येत नाही, म्हणून हे काम हौशी हातांना देऊ नये.

हवेची गोष्ट. या एका जिल्ह्यात घाटाला लागून चिंब भिजणारं खानापूर आहे आणि उन्हाळ्यात भाजून निघणारं अथणीही. खानापुरात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याचा डिंक सुटतो. अथणीत एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसतं आणि सुरांच्या पाटीखालून हवा गळायला लागते. दोन्हीकडे उपाय साधेच. पेटी जमिनीवर नको, चार इंच उंच फळीवर. बाहेरच्या भिंतीला टेकून नको. पत्र्याच्या थेट खाली नको. झाकायला जाड सुती कापड, प्लास्टिक नाही. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडात बांधून कोपऱ्यात. झुरळ आणि उंदीर भात्याचं कापड-चामडं खातात, म्हणून उपासनेनंतरच्या चहाचे बिस्किटांचे तुकडे पेटीवर पडू देऊ नका. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वाजवणं: आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, सगळे खटके उघडून, सगळ्या पट्ट्या. न वाजणारी पेटी वाजणाऱ्या पेटीच्या आधी बिघडते.

एखादा सूर रविवारी सकाळीच गेला तर झाकण उघडून वहीचा पातळ कागद जिभेखाली हलकेच सरकवा आणि ओढून काढा. दहापैकी सात वेळा कचराच असतो. पिनेने टोचू नका.

गाण्याची पट्टी ठरवणं ही पेटीवाल्याची जबाबदारी, आणि इथेच नव्या मंडळ्या फसतात. पेटीवाला आपल्या आवाजाला सोयीची काळी एक धरतो आणि बायका एकतर खाली घुसमटतात नाहीतर वरच्या सप्तकात किंचाळतात. सगळ्यांनी एकत्र गायचं तर चालीतला सगळ्यात वरचा स्वर वरच्या सप्तकातल्या पांढऱ्या दोनच्या पुढे जाऊ देऊ नका, खालचा मधल्या सप्तकाच्या पांढऱ्या एकच्या फार खाली नको. त्यासाठी प्रत्येक गाण्याच्या पुस्तकातल्या क्रमांकाशेजारी पट्टी पेन्सिलने लिहून ठेवावी. आठ गाणी पक्की करा, पहिल्या तीन महिन्यांना तेवढी पुरतात. त्यातली निम्मी जुनी असू द्या. एज्रा 3:12-13 मध्ये नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे रडले आणि बाकीचे आनंदाने ओरडले, आणि कुणाचा आवाज कुठला ते ओळखू येईना. नव्याने सुरू झालेल्या मंडळीत ते दोन्ही आवाज असणारच. सगळी गाणी नवी केली की एक आवाज बंद होतो.

प्रभुभोजनाचं सामान

प्रभुभोजनात मंडळीला भाकर आणि द्राक्षरस वाटतात. त्यासाठी 40 पेल्यांचा तयार ट्रे घ्यायला हरकत नाही, पण काचेचे पेले घ्या. प्लास्टिकच्या पेल्यांना दोन-तीन वापरांत द्राक्षाचा वास धरतो. चांदीचा मुलामा दिलेला मोठा पेला दिसायला सुरेख. मुलामा दोन-तीन वर्षांत कडेला जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. पितळी पेला वारशाने आलाच असेल तर आतून कल्हई करून मगच वापरा, आंबट रस पितळेला खातो. फेकायचे कप नकोत, दर महिन्याचा खर्च आणि दर महिन्याचा कचरा.

मेथडिस्ट परंपरेत न आंबलेला द्राक्षरस वापरतात. 1869 मध्ये अमेरिकेतल्या थॉमस वेल्च या मेथडिस्टाने द्राक्षरस तापवून टिकवायची रीत शोधली ती नेमकी याच कामासाठी. बाटलीबंद रसात साखर आणि रंग असतो. घरी करणं सोपं. 250 ग्रॅम काळ्या मनुका कोमट पाण्यात धुऊन, एक लिटर गरम पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात कुस्करून 15 मिनिटं मंद उकळा, मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. सहाशे मिलीच्या आसपास रस उरतो. पेल्याला 12 मिली धरलं तर 40 जणांना 480 मिली लागतो, म्हणजे सांडलं-लवंडलं तरी पुरतो. गरम असतानाच स्वच्छ काचेच्या बाटलीत भरा, गार झाल्यावर फ्रिजमध्ये, तीन दिवसांच्या आत संपवा. उन्हाळ्यात बाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशीच फसफसतो. लोखंडी कढईत उकळू नका, रस काळा पडतो आणि चवीला लोखंड उतरतं.

भरताना बारीक नाळीची छोटी किटली आणि दहा मिनिटांचा वेळ हवा. पेला पाऊणच भरा. ट्रे हातोहात फिरताना काठोकाठ भरलेल्या पेल्यांतला रस सांडतो, खालची कड चिकट होते, आणि पुढचा माणूस पेला उचलताना शेजारचा पाडतो. भाकर म्हणून बिनतेलाची चपाती चालते, पण ती सकाळची हवी आणि मोडेपर्यंत ओलसर कापडात. वाळली की तुकडे न होता चुरा होतो.

स्पीकर, आणि मग दानपेटी

स्पीकरबद्दल थोडक्यात: 40 माणसांना नको. 60ला एक मध्यम, अंगातच ॲम्प्लिफायर असलेला आणि दोन वायरचे माइक पुरे. स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे, बसलेल्यांच्या डोक्याच्या जरा वर. माइक स्पीकरच्या पुढे आला की शिट्टी वाजते आणि मग कुणीतरी आवाज वाढवतो, म्हणजे शिट्टीही वाढते. पत्र्याच्या छपराखाली जुलैच्या सरीत कुठलाच स्पीकर ऐकू येत नाही. तो पैसा पत्र्याखाली लाकडी किंवा जिप्समचं छत घालायला वापरा. योआशचे सुतार आठवा.

दानपेटी सुताराकडून करून घ्या: 12 मिमी प्लायवूड, 12 इंच लांब, 8 रुंद, 8 उंच, झाकणाला 4 इंची फट. फटीच्या आतून एक तिरकी पट्टी ठोकायची, म्हणजे उलटी केली तरी नोट बाहेर येत नाही. कड्या दोन, कुलपं दोन, किल्ल्या दोन वेगळ्या घरांत. 2 राजे 12:10 मध्येही मोजायला दोघंच होते, राजाचा लेखक आणि मुख्य याजक. उपासना संपल्यावर तिथेच मोजा, रक्कम वहीत लिहा, दोघांच्या सह्या, आणि पुढच्या रविवारी मागच्या आठवड्याचा आकडा मोठ्याने वाचा. क्यूआर कोड लावायचा तर खातं मंडळीच्या नावाचं, पाळकाच्या किंवा खजिनदाराच्या घरचं नाही. सुरुवातीला ‘आपली माणसं आहेत’ म्हणून हे टाळलं जातं, आणि बऱ्याच मंडळ्या दुसऱ्यांदा बंद पडतात त्या याच जागी. 15व्या वचनात कामगारांना पैसे वाटणाऱ्या माणसांकडून हिशोब मागितला नाही असं आहे खरं, आणि ते वचन बैठकीत कुणीतरी काढतंच. पण ती सवलत काम करवून घेणाऱ्यांना होती. पेटी उघडणाऱ्यांना दोघांची मोजणी लागूच होती.

1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले, पुढे ते काम मेथडिस्टांकडे गेलं. संस्था बदलली, पाळक बदलले, आणि त्या सगळ्या वर्षांत उपासना टिकली ती सामानाच्या भरवशावर नव्हे. म्हणून पहिल्या वर्षाच्या खर्चाचा क्रम असा असावा: छप्पर आणि बसायची सोय, पवित्र शास्त्र आणि गीतांची पुस्तकं, दानपेटी, जुनी पेटी, काचेचे पेले. कर्ज काढून यातलं काहीच नाही. हाग्गय संदेष्ट्याच्या वेळी, पारसी राजा दारयावेशाच्या दुसऱ्या वर्षी, लोकांनी मंदिराचं थांबलेलं काम पुन्हा हातात घेतलं आणि एज्रा 6:15 प्रमाणे सहाव्या वर्षी पुरं केलं. तेही पाया घातल्यापासून पंधरा-सोळा वर्षं काम रखडल्यावर. एका वर्षात सगळं दिसलं पाहिजे हा हट्ट पंचांनी धरला की हप्ते सुरू होतात, आणि हप्ते सुरू झाले की प्रवचनात देवाच्या विश्वासूपणाऐवजी वर्गणीच जास्त येते.

पेटी पहिल्या वर्षी कुठल्या महिन्यात घेतली हे बिलावर लिहून ठेवा. पावसाळ्यात घेतलेली असेल तर अडकणाऱ्या पट्ट्या लगेच घासून घेऊ नका; लाकूड फुगलेलं असतं, आत्ता घासलं तर उन्हाळ्यात पट्टी खुळखुळेल. दसरा-दिवाळीपर्यंत थांबा, ओल उतरू द्या. तेव्हाही जी पट्टी शेजारणीला घासत असेल तेवढीच, शून्य नंबर पॉलिश पेपरने, दोन-तीन हात. सूरही तेव्हाच लावून घ्या, म्हणजे नाताळला पेटी तयार असते.